बाटलीवरची बाई

२ सप्टेंबर १९५८, दिग्रस

रिकाम्या बाटल्या आल्या. पेट्यांत गवत भरून पाठवल्या होत्या, दोन-चार सोडल्या तर सगळ्या शाबूत. शेडमध्ये ओळीने मांडल्या, दार उघडले, आणि उन्हात अशा चमकल्या की मला वाटले, धंदा झालाच. आजपासून अधूनमधून लिहायचे ठरवले आहे. पुढेमागे मोठा माणूस झालो तर सुरुवात कशी केली ते विसरायला नको. मी विसरलो तर लोक त्यांच्या मनाने सांगतील.

मी देवीलाल. तांड्यातला. आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरला, बापाने कपाशी-ज्वारी केली, मी सायकलला पेटी बांधून बाजार केले. दिग्रस, महागाव आणि मधली सगळी खेडी. रिबिनी, फण्या, टिकल्या, स्नो, पावडर. शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा कानांनी केली. गिऱ्हाईक बाई तोंडाने काय मागते ते कोणीही ऐकतो. पेटीपासून चार पावले दूर गेल्यावर ती बहिणीला काय म्हणते, ते मी ऐकतो आणि पुढच्या बाजाराला तो माल भरतो. ह्या कानांनी मला आजवर फसवले नाही.

तेलाचा धंदाही कानांनीच दिला. बस स्टँडवर माझी बायको भुरीबाई ओढणी सावरत उभी होती. मागे दोन पातळवाल्या बाया. एक म्हणाली, "काय केस हायेत व लमाणनीचे! विचार तं, काय लावते." दुसरी म्हणाली, "तूच विचार." विचारले कोणीच नाही. पण मी ऐकले.

ते तेल माझ्या सासूबाईंचे, रुपीबाईंचे. तिळाच्या तेलात माका, आवळा, जास्वंद, आणि एक मूळ. मुळाची पूड त्या स्वतः करून देतात. मूळ कशाचे, ते पोटच्या पोरीलाही सांगत नाहीत. मी अर्धे वावर मोठ्या भावाला दिले, पेटी मोडीत काढली, जिनिंगच्या मागे ही टिनाची शेड घेतली, बिऱ्हाड तांड्यातून गावात आणले. परत फिरायला वाट ठेवलेली नाही. बरे आहे, ठेवली असती तर एखाद्या वाईट दिवशी मी फिरलो असतो.

७ सप्टेंबर

नावाचा घोळ झाला. मला 'भुरी केशतेल' ठेवायचे होते. वामनराव मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात, टुरिंग टॉकीजच्या पाट्या रंगवतात आणि लेबलाचे चित्रही तेच काढणार आहेत. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "देवीलालजी, केस काळे करायचं तेल, आणि नाव भुरी? भुऱ्या केसांची पोरगी दाखवली तर पाहुणे चहाला न थांबता उठतात."

खरे आहे. आमच्या बोलीत भुरी म्हणजे गोरी. मराठीत भुरे केस म्हणजे धुळीत लोळलेले. आणि माझी भुरी दोन्हींत बसत नाही. ती नांगरलेल्या वावरासारखी काळी आहे. जन्मली तेव्हा उजळ होती म्हणे, पुढचे उन्हाने पाहिले. शेवटी वामनरावांनी नाव काढले, 'श्यामला'. केसांनाही लागू, ऐकायलाही घरंदाज.

घरी सांगितले तर भुरी हसत सुटली. (घरात आम्ही गोरबोली बोलतो. लिहिताना ती मराठीत येते, तीही वऱ्हाडी वळणाने. इलाज नाही.) म्हणाली, "काळीचं नाव भुरी आन् तेलाचं नाव श्यामला! तुमच्या घरात एक तरी नाव ठिकाणावर हाये का?"

ती हसली की कानशिलांवरच्या घुगऱ्या वाजतात. चांदीच्या ह्या घुगऱ्या आमच्या बायकांच्या केसांत लग्नात गुंफतात, नवरा असेपर्यंत उतरत नाहीत. मी डोळे मिटून सांगतो, भुरी चुलीपाशी आहे, का पाण्याला निघाली, का रागावली आहे. रागावली की कमी वाजतात.

१४ सप्टेंबर

आज चित्राला बसवले. भुरी लग्नाला निघाल्यासारखी नटून शेडमध्ये आली. फेटिया म्हणजे आमचा घेरदार घागरा, आरशांची ओढणी, घुगऱ्या, दंडावर पांढरा चुडा. चुड्याचेही तेच, नवऱ्याबरोबरचा.

"भुरीबाई, हालू नका," वामनराव म्हणाले.

"माशी बसली तं?"

"माशीलाही सांगा, हालू नको."

पेन्सिलीने काढले ते हुबेहूब. हनुवटीवरचे ठिपके, डाव्या हातावरचा गोंदलेला विंचू, त्याची नांगीसुद्धा. भुरीने कागदावर बोट फिरवून गोंदण तपासले. "बराबर हाये. हा इंचू गोंदला तवा म्या गोंदनारनीले चावली होती. याडी, माझी माय, म्हणे, चाव पण हालू नको. मेल्यावर दागिने इथंच राह्यतात, हे तेवढं संगं येते."

वामनराव कागद गुंडाळून निघाले. रंगात जरा उजळेल म्हणाले. मी म्हटले, उजळू द्या.

३० सप्टेंबर

लेबले आली! नागपूरच्या छापखान्याने काम झकास केले आहे. काय बाई काढली आहे वामनरावांनी! दुधात केशर टाकल्यासारखा रंग, डोळे कानापर्यंत, जिवणी एवढीशी, आणि केस मोकळे सोडलेले, खांद्यावरून कमरेपर्यंत लाटा. घुगऱ्या नाहीत, त्या गाल झाकतात म्हणे. चुडा नाही, हात लांब दिसावेत म्हणून. गोंदणही नाही. मी जरा कुरकुरलो तर वामनराव म्हणाले, "देवीलालजी, बाटलीवरची बाई ओळखायची नसते, तिच्यासारखं व्हावं वाटायचं असते." ह्या माणसाला धंदा कळतो.

पहिले लेबल भुरीला दाखवले.

"ही कोण?"

"तूच."

तिने लेबल उजेडात नेले. बराच वेळ पाहिले. मग भाकरीच्या पिठाचे बोट लावून फळीवरच्या आरशाशेजारी चिकटवले.  एवढी खूश झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

१२ ऑक्टोबर

माल उठतो आहे. नानाजींनी किराणा दुकानात वजनकाट्याशेजारी पहिली जागा दिली. मी पोत्याआड उभा राहून ऐकतो. एक आई पोरीला बाटली दाखवून म्हणत होती, "पाह्य, अशी दिसाची असन तं उन्हात हिंडू नको." दुसरी नुसतेच लेबलावर अंगठा फिरवत राहिली, आणि नानाजी म्हणाले, "बाई, घेणार असशील तं पूस."

महागावलाही मागणी आहे. आठवड्यातले निम्मे दिवस मी फिरतीवर; राहिलेले शेडमध्येच झोपतो, मालाजवळ. जेवायला तेवढा घरी.

भुरीला सहज म्हटले, गावात राहतो आहोत, एखादे पातळ नेसून पाहा. आज गेलो तर नेसलेली! पदर डोक्यावरून कानांखाली घेतला होता. गावची रीत इतक्या लवकर उचलेल वाटले नव्हते.

२५ ऑक्टोबर

घर फार शांत वाटते. फरशीचे घर आहे म्हणून असेल. तांड्यातल्या सारवलेल्या जमिनीवर आवाज कसा अंगाजवळ राहायचा. इथे भुरी मागून ताट घेऊन येते ते कळतही नाही. आज दचकलो. ती म्हणाली, "काहून? भूत पाह्यलं का?"

सकाळी शेड उघडली की पहिल्या ओळीतली एक बाटली धोतराच्या सोग्याने पुसायची, हा आता नेम झाला आहे. देवाला हात जोडायच्या आधी. ती बाई माझ्याकडे पाहून हसते आणि मीही हसतो. आज मागे वळलो तर भुरी दारात डबा घेऊन उभी. म्हटले, आत ये की. म्हणाली, "नाई, तुमी करा तुमचं."

१३ नोव्हेंबर

दिवाळीला तांड्यात जाऊन आलो. हे लिहावे की नाही, विचार करत होतो. लिहितो.

अमावास्येला आमच्या पोरी दिवे घेऊन दारोदार 'मेरा' मागत फिरतात, म्हणजे सगळ्यांचे भले चिंततात. सगळा तांडा जमलेला. मी दोन पेट्या बैलगाडीतून मुद्दाम नेल्या होत्या. हे तेल मुळात त्यांचेच. त्यांना बाटलीत भरलेले पाहू दे. दिव्याच्या उजेडात पहिली बाटली सासूबाईंच्या हातात दिली. त्यांना हल्ली कमी दिसते. बाटली नाकापाशी नेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "कुण मरगो?"

कोण मेले! मला आधी कळलेच नाही. मी मोठ्याने म्हणालो, "मामी, नीट पाहा, ही आपली भुरी हाये!"

 मग भुरीचा भाऊ रामसिंग, तांड्याचा नायक, खाकरला. "जवाई, तुमी वारले कधी? आमाले निरोप नाई, दहाव्याचं जेवण नाई."

हशा झाला. मीही हसलो, न हसून कोणाला सांगतो. पण बाटल्या कोणी हातात घेतल्या नाहीत. केस मोकळे, घुगऱ्या नाहीत, चुडा नाही. आमच्यात बाई अशी कधी दिसते ते मला माहीत नाही का? नवऱ्याची तिरडी उचलताना दिसते. आणि मी, तांड्यात वाढलेला, दीड महिना ते लेबल रोज पुसत होतो. गावात राहून डोळे गावचे झाले, दुसरे काय.

निघताना भुरी आईच्या पाया पडली. थंडीमुळे पदर कानांवर घट्ट ओढलेला होता. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हात कानशिलापाशी थांबला, आणि त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी खरेच तिथे आहे की नाही ते तपासत असाव्यात. म्हाताऱ्या झाल्या आहेत.

२० नोव्हेंबर

मुळाची पूड बंद. माणूस पाठवला, तो रिकाम्या डब्यानिशी परतला. सासूबाईंचा निरोप : "अपशकुनी बाटलीत माझं औषध नको." तेल भरायला तांड्यातून येणाऱ्या बायाही आल्या नाहीत. पूड संपली तशी बिनमुळाची एक कढई उतरवली. नानाजींनी बूच उघडून वास घेतला आणि बाटली माझ्याकडे सरकवली. "देवीलालभाऊ, हे ते नोहे."

मी म्हटले, लेबल बदलतो. घुगऱ्या, चुडा काढून घेतो वामनरावांकडून.

"मंग तं ती लमाणीन दिसन."

"दिसू द्या."

"बाया म्हणतीन, लमाणाचं तेल." मग त्यांनाच उमगले आणि जीभ चावली. "तुमाले नाई म्हणून राह्यलो. तुमी तं आपले."

मी हसून पान घेतले. असे बोल मी पेटीच्या मागे उभा राहून वर्षानुवर्षे ऐकले आहेत. माल त्यांनाच विकला आहे. पण आज पानाला चव नव्हती.

तर हिशेब असा. आहे ही बाई ठेवली तर तांडा तेल होऊ देत नाही. बदलली तर गाव घेत नाही. शेडमध्ये उरलेल्या पेट्या संपल्या की संपले. काहीतरी सुचेल. मला सुचते.

२७ नोव्हेंबर

भुरीच्या डाव्या हातावर फडके बांधलेले. कढत तेल उडाले म्हणाली. हे विचित्र, कढई तर आठवडाभर चढलेली नाही. पण घरी भजी-बिजी तळली असतील. मलम आणून दिले.

घरात भिलाव्याचा, म्हणजे बिब्ब्याचा, वास येत होता. टाचा फुटल्या असतील, थंडी आहे. माझ्या पानाच्या डब्यातला चुनाही कोणी खरवडून नेला आहे. घरात तिसरे माणूस नाही. उंदीर चुना खातात का, वामनरावांना विचारले पाहिजे.

१ डिसेंबर

उंदीर!

आज लिहायला हात धजत नाही, पण लिहितो, नाहीतर ह्या वहीला अर्थ नाही.

काल महागावहून परतलो तर भुरी तापाने फणफणलेली. हात कोपरापर्यंत सुजलेला. तिला तसेच बैलांच्या दमणीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी फडके सोडले. विंचवाच्या जागी भाजलेले मांस. हनुवटीवरही एक चट्टा, तो तिने पदराने झाकला होता.

"भिलावा कोणी लावला?" डॉक्टरांनी मला विचारले. मी भुरीकडे पाहिले. ती भिंतीकडे पाहत होती.

"चुना लावला, त्यानं गेलं नाई," ती म्हणाली. "मंग भिलावा लावला."

"गोंदण काढायला?" डॉक्टर म्हणाले. "अहो बाई, हाताला मुकला असता."

नर्सबाईने ताप पाहायला डोक्यावरचा पदर मागे केला. कानशिले रिकामी. केस मोकळे. लेबलावर आहेत तसे.

तेव्हा मला त्या शांततेचा अर्थ कळला. फरशी नव्हे. दसऱ्याच्या आधीपासून माझ्या घरात घुगऱ्या वाजत नव्हत्या, आणि बाजारातल्या शेवटच्या बाईची कुजबुज ऐकणारे माझे हे कान फरशीला दोष देत बसले. सासूबाईंचा हात का थांबला तेही कळले. अंधुक दिसणाऱ्या म्हातारीला बोटांनी कळले ते मला समोर बसून जेवताना कळले नाही.

डॉक्टर गेल्यावर विचारले, "घुगऱ्या कोठे?"

तिने कमरेला हात लावला. फडक्यात घट्ट गुंडाळून नाडीला बांधल्या होत्या. "अंगापासून दूर नाई केल्या. तुमच्या जिवाले काई होऊ नये म्हणून. फक्त वाजू नाई दिल्या."

"कायले पण, भुरी?"

"तुमी रोज सकाळी तिचं तोंड पुसता."

मी खाटेच्या कडेवर बसलो.

"तुमीच म्हणलं, ही तूच," ती म्हणाली. "मंग मी कोण?"

४ डिसेंबर

ताप उतरला. हात राहील, डॉक्टर म्हणाले. विंचवाची नांगी आणि दोन पाय राहिले आहेत, बाकी डाग.

आज दवाखान्यात नर्सबाई भुरीचे केस विंचरून वेणी घालत होती. शेजारच्या खाटेवर गावातली एक बाई, अंग सुजलेले पण जीभ चांगली. ती टक लावून पाहत म्हणाली, "काय केस हायेत व बाई! काय लावता?"

मी कान टवकारले. बस स्टँडवर विचारले गेले नव्हते ते आज विचारले गेले.

"श्यामला," भुरी म्हणाली.

"काहीतरीच! ते तं मीबी लावतो. त्याच्यावरची बाई पाहून घेतलं. पण ती चितरातली, तिचं कोणाले खरं वाटते? नवऱ्यानं म्हणलं, पैसे वाया. तुमची येनी पाह्यली असती तं दोन बाटल्या घेतल्या असत्या."

भुरीने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे. मग ती हसली. दुखत होते म्हणून थोडेच, पण हसली. बाई बिचारी गोंधळली.

समोर बसलेली भुरी हीच बाटलीवरची बाई, हे त्या माउलीला कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

१० डिसेंबर

भुरी घरी आली. मी शेडमध्ये न झोपता घरी झोपतो. चोर आले तर आले. बाटल्या पुसणे बंद.

आज जेवताना मीच विषय काढला. म्हटले, शेड परत करतो, पेटी पुन्हा बांधतो, सायकल अजून आहे. सगळे तुझ्या जिवावर उठले.

ती भाकरी थापता थापता थांबली. उजव्या हाताने एकट्याने थापत होती, भाकरी वेडीवाकडी. "तेल माझ्या आईचं हाये. तुमी कोण बंद करनारे?"

"मग लेबल?"

"मले पाठीकडून काढा."

"म्हणजे?"

"येनी दिसते ना पाठीकडून? केसाचं तेल हाये का तोंडाचं? येनी दिसू द्या, घुगऱ्या दिसू द्या, चुडा दिसू द्या. तोंड पाहाचं असन त्यानं घरी यावं, बसावं, पानी प्यावं. बाटलीवर कायले?"

मी पाटावरून उठून उभा राहिलो. गावच्या बायांना वेणी हवी. तांड्याला घुगऱ्या हव्यात. नानाजींना लमाणीण दिसेल, दिसू दे. वेणी पाहून त्यांची स्वतःची बायको बाटली उचलेल, मी पैज लावतो. मला सुचते असे मी वर कोठेतरी लिहिले आहे. ते खोडत नाही, पण हे मला सुचलेले नाही.

१८ जानेवारी १९५९

वामनराव रंगपेटी घेऊन घरीच आले. भुरी त्यांच्याकडे पाठ करून बसली. डावा हात मागे वळवून वेणीचा शेपटा धरलेला, म्हणजे हातही दिसावा. घुगऱ्या परत केसांत गुंफल्या आहेत, दोन्ही बाजूंनी लोंबतात.

वामनराव जरा ओशाळले होते. हाताचा रंग बशीत कालवला, ब्रश उचलला. भुरीने मान वळवून पाहिले आणि हात बशीशेजारी नेऊन ठेवला.

"अजून," ती म्हणाली.

त्यांनी तपकिरी घातला.

"अजून."

"भुरीबाई, छापताना आणखी गडद येते."

"येऊ द्या. अजून."

तपकिरीची नळी पिळून संपली, मग त्यांनी काळा घातला. तेव्हा कोठे ती पुन्हा पाठ करून बसली. मी कोपऱ्यात सुपारी कातरत होतो. हसू आवरत नव्हते.

विंचू काढायची वेळ आली. वामनराव चुकल्यासारखे म्हणाले, "माझ्याकडे पेन्सिलीचं पहिलं चित्र आहे. त्यावरून पूर्ण विंचू काढून देतो. जळल्याचं कळणारही नाही."

"नाई. हाये तेवढाच काढा."

"आणि डाग?"

"इंचू माहेरचा, पण डाग? माझाच हाये. काढा."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "माझ्याकडे कायले पाहता मास्तर? मालकीण तिकडं बसली आहे."

६ फेब्रुवारी

नानाजींनी नवे लेबल पाहून तोंड वाकडे केले. दोन पेट्या ठेवून घेतल्या, त्याही 'तुमच्या तोंडाकडे पाहून'. आहे तो सगळा माल बिनमुळाचाच आहे, तेही मी त्यांना सांगितले. आता फसवाफसवी नको. काय होईल सांगता येत नाही. दारात मात्र दोन बाया बाटलीवरच्या वेणीशी आपली वेणी मोजत होत्या. एकीच्या हातावर तुळस गोंदलेली होती. तिने बाही खाली ओढली नाही. तेवढे मी पाहिले. हल्ली मी पाहतोही.

२५ मार्च १९५९

होळीला तांड्यात जाऊन आलो. एकच पेटी नेली. ह्या वेळी भीती होती, खोटे कशाला बोलू. भुरी फेटिया नेसून गाडीत बसलेली, गाडीच्या प्रत्येक हिसक्याला घुगऱ्या वाजत. रस्ता खराब असल्याचे मला पहिल्यांदाच बरे वाटले.

तांड्यात गाणी चाललेली. रामसिंग गुलाल घेऊन आडवा आला. "या जवाई! जित्ते हायेत ना ह्या बाटलीत?"

"पाहा तुमीच."

त्याने बाटली घेतली, पाहिली आणि नेऊन आईच्या हातात दिली. गाणी थांबली. सासूबाईंनी बाटली नाकापाशी धरली. बराच वेळ.  वेणीवरून बोट फिरले, घुगऱ्यांवरून फिरले, हातावर येऊन थांबले. अर्ध्या विंचवावर.

"भुरी," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी बाटली उलटी फिरवली. पलीकडच्या बाजूने लेकीचे तोंड पाहायला.

पलीकडे नुसती काच, आत तेल. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा पाहिले. एवढी हसली माणसे! रामसिंग खालीच बसला. सासूबाई चिडल्या. "हिले तिकडं तोंड करून काहून उभं केलं?"

"याडी," त्यांच्या पाठीमागून भुरी म्हणाली, "मी इकडं हावो." आणि खाली वाकली, तशा घुगऱ्या वाजल्या. म्हातारीने हात पुढे केला. ह्या वेळी हात कानशिलापाशी थांबला नाही. घुगऱ्या एकदा मुद्दाम हलवल्या, मग हात खाली हनुवटीवरच्या चट्ट्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मग सासूबाईंनी बोटाने मला बोलावले. "तुमचे कान लय तिखट म्हणतात," त्या म्हणाल्या. "आना इकडं." मी वाकलो. गाणी पुन्हा सुरू झाली होती, डफ वाजत होता, तरी मला स्पष्ट ऐकू आले. त्यांनी त्या मुळाचे नाव सांगितले.

ते इथे लिहीत नाही.